अनुभव धागा: "कार्टूनच हाय की" म्हणून लावलं आणि...

औसा_नाका
परवा बहिणीकडं गेलो तर तिची धाकटी टीव्हीपुढं एकटीच बसलेली आणि पडद्यावर अख्खं शहर जळायलं. बहीण भाकरी थापता थापता म्हणते, "कार्टूनच हाय की, बघू दे." बघतो तर 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज'. बंद केलं. भाची अजून बोलत नाही माझ्याशी.

त्यावरून कॉलेज आठवलं. औरंगाबादला (तेव्हा तेच नाव) इंजिनिअरिंगला होतो, मजल्यावर एकच कॉम्प्युटर. कुणीतरी हीच सीडी आणली, जपानी कार्टून आहे म्हणून. सुरुवातीला नुसती टिंगल. 1945 सालचं कोबे शहर, वरून आगीचे बॉम्ब, एक भाऊ, त्याची चिमुरडी बहीण. आई भाजते, डोक्यापासून पट्ट्यांत गुंडाळलेली दाखवतात. तिथं टिंगल बंद पडली. भाऊ बहिणीला आई गेल्याचं सांगत नाही, दवाखान्यात आहे म्हणतो. आमचा एक पार्टनर किल्लारीच्या बाजूचा, 93 च्या भूकंपात लहान होता. तो एकदम म्हणाला, "सांगून टाकायला पायजे होतं तिला. मला बी कितीतरी दिवस कुणी सांगितलं नव्हतं. शेवटी पत्र्याच्या शेडात दुसऱ्या पोराकडून कळलं." कुणीतरी पिक्चर थांबवला तर हाच म्हणे, "थांबवलाव का? लावा की पुढं."

अख्खी डिग्री होईपर्यंत भूकंपावर तो एवढंच बोलला.

तर टाका तुमचे. असली मोठ्यांची कार्टून घरात, होस्टेलला, टॉकीजला लागली तेव्हा लोक काय म्हणाले?

परळी_पॅसेंजर
शिनचॅन!! 2006 ला हंगामा चॅनलवर सुरू झालं. आमचे काका जेवताना बघायचे, हसून हसून ठसका लागायचा. एक दिवस त्या पोट्ट्यानं चड्डी खाली करून नाच केला आणि काकूंनी थेट केबलवाल्याला फोन लावला. 2008 ला सरकारनं बंदी आणली तर काकूंची समजूत, आपल्याच फोनमुळं झालं. पुढं काटछाट होऊन परत आलं तेव्हा म्हणे, "आता पुन्हा फोन करावा लागतो का काय." गंमत म्हणजे जपानात ते 1990 ला मोठ्यांच्या साप्ताहिकात सुरू झालेलं, लेकरांसाठी नव्हतंच मुळी.

सुपारीचं_खांड
काकूंना साष्टांग 😂 मी फायरफ्लाइज बघून हुंदके देऊन रडले. पोळ्या लाटायच्यात, नंतर लिहिते.

गोदाकाठची
मी आजीला दाखवला, नांदेडला, सुट्टीत. तिला वाचता येत नाही, मी शेजारी बसून सांगत होते. आईचे किमोनो देऊन तांदूळ घेतात तिथं आजी, "लुगडी इकली व्हय? किती आले?" दोघं नातेवाईक बाईकडं राहतात ना, ती डावानं जेवायला वाढते तो सीन. मी काही सांगायच्या आत आजी म्हणाली, "डाव बघ कसा फिरवायली. ह्यांच्या वाटीत वरचं पाणी, तिच्या लेकीला तळाचं." मी मागं घेऊन परत बघितलं, खरंच तसं आहे. मग 72 चा दुष्काळ निघाला. खडी फोडायला जायचे, सुकडी मिळायची, ती तांबडी मिलो ज्वारी जिची भाकरी धड थापता येत नसे. आणि चुलतीचा डाव. पन्नास वर्षं झाली, चुलती वारली, डाव काही आजी विसरली नाही.

औसा_नाका
डाव! इतक्यांदा पाहिला, माझ्या कधी ध्यानात आलं नाही. लिहिणाऱ्या नोसाकांचंच दुःख आहे ते. त्यांची धाकटी बहीण युद्धात उपासमारीनं गेली, 1967 ला त्यांनी ही गोष्ट लिहिली. पिक्चर 88 चा, दिग्दर्शक ताकाहाताचा. आणि जपानात हा आणि 'टोटोरो', म्हणजे लेकरांचा गोड पिक्चर, एकाच तिकिटात लावले होते.

परळी_पॅसेंजर
एकाच तिकिटात?? पुरणपोळीबरोबर कारल्याचा रस 😳

निलंगा_राईस
अंड्याची भजी तळायलो, एका हातानं लिहितो. आमच्याकडं नियम सोपा. तलवारीनं मुंडकं उडालं, चालतं. पोरगा पोरीच्या जवळ आला की अण्णा लगेच "बातम्या लाव." जपानी असो, अमेरिकन असो.

क्रांतीचौक
@निलंगा अगदी. मागच्या सप्टेंबरात म्हणजे 2025 ला 'डेमन स्लेयर, इन्फिनिटी कॅसल' बघायला संभाजीनगरला सकाळच्या शोला गेलो. हिंदी डब. पोरांच्या शिट्ट्या अशा की सलमानचा पिक्चर वाटावा. शेजारी एक गृहस्थ, दोन लेकरं, पॉपकॉर्नची बादली. पहिलं रक्त उडालं तसा त्यांनी धाकट्याच्या डोळ्यावर हात ठेवला. धाकटं हात बाजूला करत म्हणतं, "पप्पा, मला माहितीय, मुंडकं गेलं तरी हा मरत नाही." मग सगळा पिक्चरभर लेकरू बापाला समजावून सांगत होतं.

धारूर_घाट
त्याच पिक्चरला आम्ही बीडची पोरं गेलतो. त्या राक्षसाची जुनी गोष्ट दाखवतात. बाप आजारी, पोरगं औषधासाठी चोऱ्या करतंय, बाप चिठ्ठी लिहून गळफास घेतो. तोवर शिट्ट्या चालू होत्या, तिथं एकबी नाही. आमच्यातला एक उठून बाहेर गेला. पिक्चर सुटल्यावर पायऱ्यांवर बसलेला सापडला, चहा पीत. का उठला ते आम्हाला माहीत होतं, कुणी विचारलं नाही. घरी जाताना तोच म्हणाला, "बाकी फायटिंग भारी होती."

निलंगा_राईस
अरे स्पॉयलर!! मी बघायचाय अजून

धारूर_घाट
सॉरी भौ

जुना_मोंढा
कार्टून लेकरांनी बघावं. टॉम आणि जेरी पुरे आहे. उगं रडायला कशाला पैसे द्यायचे?

परळी_पॅसेंजर
काका, टॉम आणि जेरीत कुऱ्हाड, डायनामाइट, इस्त्रीनं तोंड भाजणं, सगळं आहे 😄

क्रांतीचौक
2024 पासून सेन्सॉरनं यूएमध्ये 7, 13, 16 अशा पायऱ्या केल्यात की. पण यूए म्हणजे आईबापानं ठरवायचं, आणि आईबाप पोस्टर बघून ठरवतात.

बेगमपुरा_मुक्काम
होस्टेलचा अनुभव. मुली मिळून 'पर्सेपोलिस' बघत होतो, 2007 चा, इराणच्या मारजान सत्रापीचा. बहुतेक सगळा काळा-पांढरा. दिवे बंद करायची वेळ झाली म्हणून रेक्टर मॅडम आल्या, ओरडायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात त्यातली आजी, रोज अंतर्वस्त्रात मोगऱ्याची फुलं ठेवणारी. मॅडम दारातच, "आमच्या सासूबाई तिथं पैसे ठेवतात." आणि बसल्या की खाटेवर! पुढं रस्त्यात पोरींना अडवून कपड्यांवरून दरडावतात ते आलं. मागून एकीनं विचारलं, "मॅडम, आपलं गेट सातला का बंद होतं?" मॅडम उठल्या, "चला, झोपा आता." गेट सातलाच राहिलं. पण दुसऱ्या दिवशी मेसमध्ये हळूच येऊन विचारलं, शेवटी ती परत इराणला जाते का म्हणून.

गोदाकाठची
😂😂 रेक्टर सगळीकडच्या एकाच साच्यातल्या

@औसा_नाका तुमच्या किल्लारीच्या पार्टनरला 'सुझुमे' दाखवा. 2011 च्या जपानच्या भूकंपावर आहे, त्यातल्या पोरीची आई त्सुनामीत गेलेली. किंवा नका दाखवू, तुम्ही ओळखता त्याला.

औसा_नाका
विचारतो त्याला. आता पुण्यात बिल्डिंगा बांधायला आहे, स्ट्रक्चरलमध्ये.

सुपारीचं_खांड
झाल्या पोळ्या. कुठवर आलात? मला एक सांगा, फायरफ्लाइज हिंदीत मिळतो का? सासऱ्यांना दाखवायचाय, चष्मा लावूनबी खालचं वाचता येत नाही त्यांना.

गोदाकाठची
तुम्हीच शेजारी बसून सांगा ना, मी आजीला सांगितलं तसं.

सुपारीचं_खांड
मी बोलायले की ते टीव्हीचा आवाज वाढवतात 😑

निलंगा_राईस
मग आवाज बंद करूनच लावा