प्रतिसाद: २० वर्षांची वॉरंटी, तरी गोदाम गळतंय

भाऊ, जिनिंगच्या गोदामाचं छत दुसऱ्याच पावसाळ्यात गळतंय आणि २० वर्षांची वॉरंटी असूनही डीलर हात वर करतोय, असं तुम्ही लिहिलंय. राग येणारच, पण वॉरंटी कशाची आहे ते आधी पाहा. बहुतेक वेळा ती नुसत्या पत्र्याची असते, म्हणजे गंजून आरपार भोक पडलं किंवा रंग सोलला तर. गळती मात्र जास्त करून स्क्रूपाशी, जोडावर नाहीतर पन्हाळीत होते, आणि ते फिटिंगवाल्याचं काम. त्याची हमी वेगळी लिहून घ्यावी लागते. आपल्याकडे ती कोण घेतो म्हणा!

एकदा वर चढून स्क्रूखालचा काळा वायसर बघा. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, त्यात साधं रबर तडकतं, ईपीडीएमचं (ऊन-पाऊस सोसणारं कृत्रिम रबर) टिकतं. स्क्रू तिरपा बसला किंवा जास्त आवळला असेल तर वायसर एका बाजूनं बाहेर आलेला दिसेल. कटरनं पत्रा कापताना उडालेला लोखंडी कीस झाडला नसेल तर तांबूस ठिपके असतील. असला गंज कंपन्या सहसा वॉरंटीत धरत नाहीत.

भरपाई प्रो-राटा आहे का तेही वाचा. तशी असेल तर पंधराव्या वर्षी उरलेल्या काळापुरतंच मिळतं. वादळानं उडालेले पत्रे हा विम्याचा विषय.

आणि सोलरवाल्याला भोकं पाडू देण्याआधी कंपनीची लेखी परवानगी घ्या. बिल आणि पत्र्यावरच्या छापील मजकुराचा फोटो आजच काढून ठेवा.