दरवर्षी देवबागच, की यंदा दुसरीकडे? (घरात भांडण चालू आहे, मदत करा)

अबोली_पुणे

नमस्कार मंडळी, प्रश्न साधाच आहे पण त्यावरून आमच्याकडे आठवडाभर तोंडं फुगलीयत म्हणून इथे टाकतेय. आम्ही २०१४ पासून दिवाळीच्या सुट्टीत मालवणजवळ देवबागला जातो, २०२० सोडलं तर एकही वर्ष चुकलं नाही, म्हणजे अकरा वेळा झालं. एकच घर, त्याच काकू, त्याच दोन रूम. आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई. सासूबाई माळकरी, त्यांच्यासाठी काकू न सांगता काळ्या वाटाण्याचं सांबार आणि घावणे करणार, आम्ही माशांवर तुटून पडणार, दुपारी पडवीत लोळायचं, संध्याकाळी कर्ली नदी समुद्राला मिळते तिथपर्यंत चालत जाऊन यायचं. बस, एवढीच आमची ट्रिप. सिंधुदुर्ग किल्ला दोनदा झालाय, स्कूबा एकदा, आता त्याचीही हौस नाही.

तर नवऱ्याने गेल्या आठवड्यात एक्सेल काढलं. २०१४ ला रूम १५०० ला होती, गेल्या दिवाळीत ४५००. दोन रूम, चार रात्री म्हणजे नुसतं राहायचे ३६ हजार. जेवण धरा १८ हजार, सुरमई थाळी ४५० ला आणि त्यातला तुकडा असा की पलीकडचं ताट दिसावं. पेट्रोल आणि टोल साडेसात हजार. म्हणजे साठ-बासष्ट हजार झाले आणि त्यात मुलांच्या जेट स्की, बनाना राइड धरलेल्याच नाहीत. त्याचं म्हणणं, एवढ्या पैशात माणूस नवीन काहीतरी बघून येतो, आपण तीच वाळू परत परत बघायला जातो.

पैशाचं मी कसंतरी गिळलं असतं, पण मला लागलं ते वेगळंच. गेल्या वर्षी बुकिंगला नेहमीच्या नंबरवर फोन केला तर कुणी मॅनेजर बोलला, "मॅडम आता सगळं ऑनलाइन आहे, ॲपवर बघा." काकूंच्या मुलाने धंदा हातात घेतलाय म्हणे. आणि पुढची पडवी काढून तिथे दोन एसी रूम बांधल्यात!

पण दुसरी बाजू पण सांगते. २०१९ ला आम्ही दिवाळीच्या आधीच गेलो होतो आणि क्यार वादळात सापडलो. लाइट नाही, समुद्र असा की बाहेर पाऊल टाकायची भीती, आणि काकूंनी कंदिलाच्या उजेडात तीन वेळचं गरम जेवण वाढलं आणि निघताना त्या दोन दिवसांचं भाडं घेतलंच नाही, "तुम्ही फिरलातच कुठे" म्हणाल्या. असं माणूस ॲपवर कुठे शोधू?

तर सांगा, जावं की बदलावं? बदलायचं तर कुठे? अटी: समुद्र हवा, सासूबाईंना शाकाहारी नीट मिळायला हवं, गाडीने जाणार.

दोन_घोट_चहा

बदला. स्पष्टच बोलतो, राग मानू नका. आम्ही नऊ वर्षं महाबळेश्वरला एकाच ठिकाणी जायचो, मालक दारात उभा राहून "या या, घरचीच माणसं" म्हणायचा आणि बिलात घरच्या माणसांना एक रुपया कमी नसायचा, उलट नव्या लोकांना ऑफर आणि आम्हाला फुल रेट कारण आम्ही येणारच हे त्याला माहीत. दहाव्या वर्षी गेलो नाही तर त्याचा फोनसुद्धा आला नाही.

तुमच्या अटींना गुहागर फिट बसतं. पुण्याहून कराड, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण असं जा, देवबागपेक्षा शंभर किलोमीटर तरी कमी पडतं. किनारा लांबच लांब, मागे सुरूची झाडं, गर्दी झाली तरी जाणवत नाही. आणि शाकाहारी जेवण तर तिथे घरोघरी मिळतं, सासूबाईंना उकडीचे मोदक, डाळिंब्यांची उसळ, आमसुलाचं सार. व्याडेश्वर गावातच. जवळ हेदवीचा दशभुजा गणपती, वेळणेश्वर. मासे खायला मात्र जरा शोधावं लागेल हे आधीच सांगतो, मालवणची चव तिथे नाही, नंतर मला शिव्या घालायच्या नाहीत.

खवळे_मास्तर

@दोन_घोट_चहा डाळिंब्या आणि सार खायला एवढ्या लांब? ते तर सदाशिव पेठेत मिळतं.

अबोलीताई, त्या ४५० च्या थाळीवरून मत बनवू नका. दिवाळीत सुरमई मागणं म्हणजे लग्नसराईत सोनं घेणं. बांगडा घ्या, पेडवे घ्या, तिसऱ्या घ्या, तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं खा. ताट निम्म्यात येतं आणि चव दुप्पट.

हिशोबनीस

तुमच्या मिस्टरांचं एक्सेल एकदा पाठवा, माणूस आवडला :)

पण त्यांची तुलना चुकतेय. दिवाळीच्या आठवड्यातला देवबागचा रेट ते दुसऱ्या ठिकाणच्या कुठल्यातरी "पासून सुरू" रेटशी लावून बघतायत. दिवाळीत सगळंच महाग असतं, गुहागरलाही त्या आठवड्यात स्वस्त नाही. जागा तीच ठेवून तारीख बदला आणि मग आकडे मांडा. माझा अनुभव सांगतो, तारकर्लीत २६ डिसेंबरला ५००० मागितलेली रूम मला १५ जानेवारीनंतर मंगळवार-बुधवारी २२०० ला मिळाली, आणि किनाऱ्यावर आम्ही आणि चार कुत्री. हवा पण तेव्हाच चांगली, दिवाळीत तिथे घाम निघतो. मुलांच्या शाळेचं बघावं लागेल, तिसरी-चौथीत असतील तर तीन दिवस बुडाल्याने काही बिघडत नाही, दहावीत असतील तर सोडून द्या.

दुसरं, ॲप टाळा. ॲपवरून घेतलं की कमिशन आणि टॅक्स दोन्ही तुमच्याच डोक्यावर बसतात. ७५०० पर्यंतच्या रूमवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ चा ५ टक्के झालाय, त्यामुळे अजून कुणी १२ लावत असेल तर बिल दाखवा म्हणा. आणि ज्यांची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत आहे अशा घरगुती लोकांना थेट फोन केला तर तो प्रश्नच बहुतेक वेळा येत नाही.

वाळूतली_चप्पल

मी दुबईत असते, सुट्टी मोजून मिळते त्यामुळे तुमच्या नवऱ्याचं पटतं. दोन वर्षांपूर्वी व्हिएतनामला गेलो, ई-व्हिसा २५ डॉलर, दा नांगला समुद्रासमोर हॉटेल, नाश्त्यासकट, आणि राहण्या-खाण्याचा खर्च कोकणापेक्षा कमी आला. सगळं छान होतं. पण सासूबाई माळकरी आहेत हे वाचलं आणि हसू आलं, माझ्या आईला आम्ही तिथे पाच दिवस केळी आणि भातावर ठेवलं होतं, ती अजून काढते.

मालवणी_मसालो

मी तारकर्लीचाच, आमच्या चार रूम आहेत त्यामुळे माझं मत एकतर्फी धरा. पण खरा सांगूचा झाला तर दोन्ही बाजू बरोबर आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रेट वाढले ते का? लोकांना वाटतं समुद्र फुकट, जागा बापजाद्यांची, मग खर्च कसला. आमच्याकडे २६ मे ते ३१ ऑगस्ट वॉटर स्पोर्ट्स बंद, जून-जुलै मासेमारी बंद, म्हणजे पावसाळ्याचे चार महिने दार लावून बसायचं. मग दिवाळीचे दहा दिवस, नाताळचे दहा, मे महिना आणि मधले शनिवार-रविवार. गेल्या वर्षी मी वही काढून मोजलं, माझ्या रूम भरल्या त्या रात्री १२० च्या आत. बाकी दिवस चादरी वाळत घालायच्या आणि परत घडी करून ठेवायच्या. खाऱ्या वाऱ्याने एसीचं बाहेरचं युनिट तीन-चार वर्षांत सडतं, पंख्याला, नळाला, बिजागरीला गंज. मे मध्ये माझ्या विहिरीचं पाणी मचूळ होतं, टँकर मागवतो. आणि २०२१ च्या मे मध्ये तौक्ते वादळाने जे केलं ते सांगत बसत नाही, माझे माड आडवे झाले आणि कौलं शेजाऱ्याच्या अंगणात सापडली.

आता तुमची सुरमई. संध्याकाळी होड्या लागल्या की मी स्वतः लिलावात उभा राहतो. दिवाळीत मोठी सुरमई किलोला हजाराच्या पुढे जाते, गोव्याची हॉटेलं पण तिच्यावरच डोळा ठेवून असतात. किलोचे सात-आठ तुकडे पडतात. करा हिशोब, नुसता तुकडाच मला सव्वाशे-दीडशेला पडला, वर तेल, नारळ, गॅस, बाईचा पगार. पूर्वी एवढी महाग का नव्हती ते विचारू नका, पर्ससीनची मोठी जाळी आणि एलईडी दिवे लावून मासे ओढणाऱ्यांवर बोलायला लागलो तर धागा दुसरीकडेच जाईल. खवळे मास्तर बरोबर सांगतायत, बांगडा मागा. खरं म्हणजे काहीच मागू नका, "आज काय आलंय" एवढंच विचारा. जे आलंय ते खाणारा पाहुणा आम्हाला जड होत नाही.

पण अकरा वर्षं येणाऱ्या माणसाला "ॲपवर बघा" सांगणं ही त्या मुलाची चूक आहे, त्यात मी त्याची बाजू घेणार नाही. ॲपवाले माझ्याकडून शेकडा अठरा घेतात. जुना पाहुणा थेट आला तर ते अठरा आम्ही दोघांनी वाटून घ्यायचे की नाही? नवीन पोरांना वाटतं रेटिंग म्हणजेच धंदा.

आणि देवबाग बदललंय हे पण खरं. एका बाजूला नदी, एका बाजूला समुद्र, मधे चिंचोळी पट्टी, तिच्यावर किती गाड्या मावणार? दिवाळीत संगमाकडे जाणाऱ्या रस्त्यावर समोरून टेम्पो ट्रॅव्हलर आला की अर्धा तास रिव्हर्स. जेट स्कीचा आवाज आम्हालाही नको झालाय. शांतताच हवी असेल तर नदीपलीकडे भोगवे बघा. देवबागहून होडीने पाच-दहा मिनिटं, रस्त्याने मात्र लांबचा वळसा आहे. किंवा आणखी खाली वेंगुर्ला, शिरोडा. किनारे तसेच, गर्दी कमी. मुलांना शिरोड्यात १९३० चा मिठाचा सत्याग्रह झाला होता ते सांगा, मिठागरं दाखवा. काजू मात्र तिथूनच घ्या, मालवणच्या बाजारात टुरिस्ट रेट आहे, आता हे मीच सांगतोय!

दोन_घोट_चहा

@मालवणी_मसालो पटलं. पण मालक, तुमचा खर्च वाढला हा तुमचा प्रश्न झाला, गिऱ्हाईकाचा पगार त्या हिशोबाने तिप्पट झालेला नसतो. तुमचं ऐकून वाईट वाटतं म्हणून कुणी ४५०० देत नाही, देतं कारण दुसरीकडे विचारून बघायचा कंटाळा येतो. आमचं महाबळेश्वरला तेच होत होतं.

मालवणी_मसालो

तेही खरंच. म्हणून तर म्हटलं एकतर्फी धरा.

हिशोबनीस

@दोन_घोट_चहा कंटाळ्याची पण किंमत असते की. नवीन ठिकाणी पहिला दिवस रूम नावडणे, जेवण शोधणे, नवरा-बायकोचं "तूच निवडलं होतंस" यात जातो. चार दिवसांच्या ट्रिपमधला एक दिवस म्हणजे २५ टक्के. हे एक्सेलमध्ये कोण धरतं?

अबोली_पुणे

सगळ्यांचे आभार, एवढी उत्तरं येतील वाटलं नव्हतं. अपडेट देते.

मालवणी_मसालो यांचं वाचून मला जरा धीर आला, म्हणून त्या मॅनेजरला बाजूला ठेवून घरातल्या जुन्या नंबरवर दुपारी फोन केला, जेवणं आटोपल्यावर काकू उचलतात हे माहीत होतं. उचलला. मी नाव सांगायच्या आधीच "सासू कशी आसा?" आता मी काय रागावणार. ॲपचं सांगितलं तर म्हणाल्या, झील (मुलगा) काय करता ता माका कळणा नाय, पण मागच्या दोन खोल्या त्या मोबाइलवर टाकलेल्याच नाहीत, तिथे एसी नाही, पंखाच आहे, कोण टुरिस्ट घेत नाही. भाडं अठराशे. गेल्या वर्षी आम्ही साडेचार हजार भरून पुढच्या एसी रूममध्ये राहिलो आणि एसी एकदाही लावला नव्हता कारण सासूबाईंना तो सोसत नाही!! मागच्या खोल्या विहिरीच्या बाजूला आहेत, तिथे जुनी छोटी पडवी अजून आहे.

नवऱ्याने लगेच आकडा बदलला, चार रात्रींचे ३६ हजारांचे १४,४०० झाले. पण तो हट्टाला पेटलाय म्हणून तडजोड अशी की दिवाळीत गुहागर तीन रात्री (दोन_घोट_चहा, जेवण बरं नसलं तर तुम्हाला इथे येऊन शोधीन) आणि देवबाग जानेवारीत, मधल्या वारी. धाकट्याची शाळा तीन दिवस बुडेल, मोठी आठवीत आहे, तिने परवानगी दिलीय. सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या गुहागरला तुम्ही जा, मी जानेवारीत येते.

आता एकच राहिलं, गुहागरहून येताना दाभोळच्या फेरीबोटीने दापोलीकडून यावं का? धोपाव्याला (गुहागरकडच्या धक्क्यावर) गाडी बोटीत चढवायला सुट्टीत किती वेळ रांगेत थांबावं लागतं, कुणी अलीकडे गेलंय का?

खवळे_मास्तर

सकाळी लवकर गेलात तर लगेच, अकरानंतर देवाच्या भरवशावर. पण दापोलीकडून येणारच असाल तर हर्णैला संध्याकाळचा लिलाव बघा आणि तिथे निदान सुरमईचा भाव विचारून या, मिस्टरांच्या एक्सेलला लागेल.