आमच्या माघारी मुलाची सोय: किती तास, किती पैसे, कोणते कागद?

कराडचा पालक
मुलगा २६ वर्षांचा. मध्यम बौद्धिक अक्षमता, प्रमाणपत्रावर ७५ टक्के. सोमवार ते शुक्रवार १० ते ४ दिव्यांगांच्या कार्यशाळेत जातो. मी राज्य सरकारी नोकरीत, दोन वर्षांत निवृत्ती. मुलगी पुण्यात असते, सगळा भार तिच्यावर टाकायचा नाही. महिना २५,००० रुपये खर्च धरला तर निधी किती लागेल? घर मुलाच्या नावावर करावं का? सुरुवात कुठून करू?

कार्यशाळेतली ताई
दादा, पैशांआधी तास मोजा. आठवड्याचे १६८ तास. त्यातले ३० कार्यशाळेत जातात, रोज ८ धरले तर ५६ झोपेत. उरले ८२. प्रश्न या ८२ तासांचा आहे आणि २५,०००चा आकडा यातूनच निघायला हवा.

दोन आठवडे वहीत लिहा. दात घासणं, अंघोळ, कपडे, जेवण, औषध, रस्ता ओलांडणं, सुटे पैसे. प्रत्येकापुढे चारांतलं एक: स्वतः करतो, आठवण करून द्यावी लागते, शेजारी उभं राहावं लागतं, हात धरून करून घ्यावं लागतं. आईला विचारून लिहू नका, बघून लिहा. आई नकळत निम्मी कामं उरकते, म्हणून कागदावर मुलगा हुशार दिसतो आणि नवा मदतनीस आठ दिवसांत पळतो. उलटंही होतं: अंघोळ त्याला जमत असते, पण वेळ वाचवायला घरचेच घालतात. ती त्याला शिकवली की रोजचा अर्धा तास कायमचा वाचतो.

रात्रीचं वेगळं लिहा. फिट येत असतील तर जागं राहणारं माणूस लागतं. नसतील तर घरात झोपणारं पुरतं. खर्चात सगळ्यात मोठा फरक इथेच पडतो. निवासी संस्था बघताना पुढचे प्रश्न विचाराच: रात्री किती मुलांमागे किती कर्मचारी, अनामत रक्कम परत मिळते का, दवाखान्यात भरती केलं तर सोबत कोण थांबतं, चाळिशीनंतर ठेवून घेतात का. आणि पालक हिंडतेफिरते असतानाच वर्षातून दोनदा पंधरा-पंधरा दिवस तिथे राहू द्या. वडिलांच्या तेराव्यानंतर थेट नेऊन सोडलेली मुलं जेवण सोडतात.

आकडेमोड
निधीचं गणित. माघारीची ३५ वर्षं धरू. ठेवीवरचं व्याज कर जाऊन महागाईइतकंच सुटतं असं माना, म्हणजे वर्षाला ३ लाख गुणिले ३५, आजच्या पैशांत १ कोटी ५ लाख. व्याज महागाईपेक्षा १ टक्का जास्त सुटलं तर साधारण ८८ लाख. हा आकडा बघून बरेचजण हाय खातात आणि एजंट सांगेल ती पॉलिसी घेतात.

पण तुमचा मोठा निधी आधीच आहे. १ नोव्हेंबर २००५पूर्वी नोकरीला लागला असाल तर तुमच्या आणि पत्नीच्या माघारी, उपजीविका करू न शकणाऱ्या दिव्यांग मुलाला कुटुंब निवृत्तिवेतन आयुष्यभर मिळू शकतं. शेवटचं मूळ वेतन ६०,००० असेल तर ३० टक्क्यांनी १८,००० आणि वर महागाई भत्ता, तोही वाढता. मग निधी फक्त वरच्या फरकासाठी आणि आजारपणासाठी लागेल.

म्हणून घर त्याच्या नावावर करू नका. भाडं-व्याज त्याच्या नावे यायला लागलं की ‘उपजीविका करू शकत नाही’ या अटीवर आक्षेप निघू शकतो. शिवाय ते घर सांभाळणार कोण आणि विकणार कोण, हा घोळ राहतोच.

अवलंबून असलेल्या दिव्यांगाच्या खर्चासाठीची आयकर वजावट (१९६१च्या कायद्यातलं कलम ८०डीडी) ७५ टक्के दिव्यांगत्वाला ७५,००० रुपयेच. सव्वा लाखासाठी ८० टक्के लागतात. तीही फक्त जुन्या कर-पद्धतीत.

दप्तरदार
आता कागद, याच क्रमाने.

दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र. प्रमाणपत्र अठराच्या आधीचं असेल तर सिव्हिलमधून नवं घ्या.

कायदेशीर पालकत्व. मुलगा अठराचा झाला तेव्हाच तुमचं नैसर्गिक पालकत्व संपलं. राष्ट्रीय न्यास कायदा १९९९खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे ‘अ’ नमुन्यात अर्ज करा. समितीने दिलेल्या पालकत्वाच्या प्रमाणपत्रावर मुलाचं बँक खातं चालवता येतं. शाखेत ‘कोर्टाचा कागद आणा’ म्हणाले तर रिझर्व्ह बँकेच्या याबाबतच्या सूचना दाखवा. नेमणुकीनंतर सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यापासून तीन महिन्यांत हिशेब द्यावा लागतो. हे जवळपास सगळेच विसरतात.

निवृत्तीच्या कागदांत कुटुंबाच्या तपशिलात मुलाचं नाव, दिव्यांग असल्याची नोंद आणि प्रमाणपत्राची प्रत हवी. पालक गेल्यावर ही नोंद करून घेणं फार जड जातं.

राष्ट्रीय न्यासाचा निरामय आरोग्य विमा, वर्षाला १ लाखापर्यंत. आधी खर्च, मग परतावा, म्हणून मूळ बिलं जपा. नूतनीकरण चुकवू नका.

संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना आता महिना २,५०० मिळतात, पण उत्पन्नाच्या अटीत नोकरदार घर बसत नाही. नगरपरिषदेत मात्र विचारा: स्वउत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करणं त्यांच्यावर बंधनकारक आहे.

कराडचा पालक
मुलीलाच पालक आणि पैशांची विश्वस्त, दोन्ही केलं तर चालेल ना?

दप्तरदार
कायद्याने अडत नाही, पण करू नका. खर्च करणारा आणि हिशेब विचारणारा वेगळा हवा. मृत्युपत्रातच खासगी विश्वस्तनिधी लिहा: मुलगा एकमेव लाभार्थी, दोन विश्वस्त, त्यांच्यानंतर कोण हेही नावानिशी. मृत्युपत्रातून केला की आज मालमत्ता हलत नाही. हयातीतच घर निधीत टाकायचं असेल तर नोंदणीकृत दस्त लागेल. लाभार्थ्याचा हिस्सा ठरलेला ठेवा. ‘विश्वस्तांच्या मर्जीने’ असं लिहिलंत तर सर्वोच्च दराने कर लागू शकतो, म्हणून मसुदा सीएला दाखवा.

मुलगी पालक होऊ दे, पैसे दुसऱ्या दोघांकडे. आणि ताईंनी लिहायला सांगितलेल्या वहीची एक प्रत त्या दोघांनाही द्या, नाहीतर मदतनिसाचा पगार कशासाठी, हेच त्यांना कळणार नाही.