औषधाला मंजुरी देणाऱ्यांकडेच ते मागे घेण्याचा निर्णय असावा का?

चर्चाप्रस्ताव
मर्क कंपनीचे व्हायॉक्स हे वेदनाशामक मे १९९९ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले आणि ३० सप्टेंबर २००४ रोजी कंपनीनेच ते मागे घेतले. मधल्या काळात काय घडले, ते व्हायॉक्सची नॅप्रोक्सेन या जुन्या वेदनाशामकाशी तुलना करणाऱ्या २००० सालच्या ‘व्हिगर’ चाचणीतील दोन तारखांवरून कळते. पोटातील व्रण व रक्तस्राव ज्या दिवसापर्यंत मोजले, त्याच्या सुमारे महिनाभर आधीच हृदयविकारांची मोजणी थांबवण्यात आली होती. त्यामुळे व्हायॉक्स घेणाऱ्या आणखी तिघांना आलेले हृदयविकाराचे झटके शोधनिबंधात आलेच नाहीत. २० ऐवजी १७ छापले गेले, तर नॅप्रोक्सेन घेणाऱ्यांत ते अवघे ४ होते. फायदा मोजायला जास्त दिवस आणि अपाय मोजायला कमी, याला मी निव्वळ नजरचूक म्हणू शकत नाही. अमेरिकेच्या औषध नियामकाला (एफडीए) हे तीन झटके कळले होते, तरीही वेष्टनातील माहितीपत्रकात इशारा यायला एप्रिल २००२ उजाडले, कारण मजकूर बदलण्याचा आदेश देण्याचा अधिकारच त्याच्याकडे नव्हता. तो २००७ च्या कायद्याने मिळाला. म्हणून सुरक्षेवर देखरेख करणारी यंत्रणा मंजुरीच्या यंत्रणेपासून वेगळी हवी, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद १
लपवाछपवीचे समर्थन मी करणार नाही, पण निष्कर्ष पटला नाही. ३,००० जणांच्या चाचणीत एखादा दुष्परिणाम एकदाही दिसला नाही, तरी तो हजारात एकाला होत असू शकतो. हे गणित कोणतीही नवी यंत्रणा बदलू शकणार नाही. शिवाय उशिरानेही माणसे मरतात. १९८८ मध्ये एड्सच्या रुग्णांनी नियामकाच्या दारात निदर्शने केली, ती औषधे लवकर मिळावीत म्हणूनच. १९९२ पासून कंपन्यांकडून शुल्क घेऊन तपासनीस वाढवले गेले, त्यामागेही हीच निकड होती.

प्रस्तावकाचे उत्तर
निकड मान्य आहे. परंतु व्हायॉक्सचा धोका चाचणीत दिसला होता. तो दिसल्यावर ‘नॅप्रोक्सेनच हृदयाचे रक्षण करत असावे’ असा तर्क पुढे करण्यात आला आणि त्या तर्कावर विक्री चालू राहिली. अखेर पुरावा मिळाला तो मोठ्या आतड्यातील गाठींसाठी केलेल्या वेगळ्याच चाचणीतून. ज्या विभागाने औषध मंजूर केले, त्यालाच ते काढायचे की नाही हे ठरवावे लागते, ही अडचण नियामक संस्थेतील शास्त्रज्ञ डेव्हिड ग्रॅहम यांनी नोव्हेंबर २००४ मध्ये सिनेटच्या समितीपुढे स्पष्ट मांडली होती. स्वतःच दिलेली मंजुरी चुकली, हे कबूल करणे कोणालाही जड जाते.

प्रतिसाद २
मी रुग्णालयातील औषध विभागात काम करते. विभाग वेगळा केला तरी त्याच्याकडे माहिती येणार कुठून? दुष्परिणामाचा अर्ज भरायला वेळ लागतो, रुग्ण रांगेत थांबलेले असतात आणि झटका औषधाने आला की वयाने, याची डॉक्टरांनाही खात्री नसते; त्यामुळे अर्ज कोराच राहतो. आधी त्या कामासाठी माणूस नेमा.

प्रस्तावकाचे उत्तर
ताई, हे मला सुचले नव्हते आणि ते बरोबर आहे. मात्र तुमचा भरलेला अर्ज मंजुरी देणाऱ्याच टेबलावर जाणार असेल, तर माझा आक्षेप कायम राहतो.