सानेताकाने गेंजीची प्रत विकली, ती लाचारी होती का?

शाईदौत:
१५०० साली जपानचा सम्राट गो-त्सुचिमिकादो वारला. अंत्यविधीला पैसा नाही म्हणून त्याचं शव चाळीसहून जास्त दिवस पडून राहिलं. पुढच्या सम्राटाचा राज्याभिषेक २१ वर्षं रखडला. सम्राटाची ही गत, मग दरबाऱ्यांची काय असेल? ही घराणी जगायची दूरदूरच्या शोएनांवर, म्हणजे वारसाहक्काच्या जमिनींच्या साऱ्यावर. ओनिनच्या यादवी युद्धात (१४६७-७७) राजधानीचं शहर क्योतो जळलं आणि तो सारा स्थानिक सरदारांनी परस्पर गिळला.

अशा दिवसांत सान्जोनिशी सानेताका (१४५५-१५३७) हा दरबारी साठ वर्षं रोजनिशी लिहीत होता. जुने ग्रंथ मिळवायचे, ताडून पाहायचे, स्वहस्ते नकलायचे, हे त्याचं व्रत. स्वतः लिहून काढलेली 'गेंजी मोनोगातारी'ची, म्हणजे दरबारी जीवनावरच्या अभिजात कादंबरीची, प्रत मात्र गरजेपोटी विकावी लागली. याला दरबाराची अधोगती म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. त्याच्या आधीच्या पिढीतल्या इचिजो कानेयोशी या विद्वान दरबाऱ्याचा ग्रंथसंग्रह क्योतोतच होता आणि युद्धाच्या पहिल्याच वर्षी लुटला गेला. ग्रंथ विकले गेले, शिकवले गेले, प्रांतोप्रांतीच्या किल्ल्यांत पोचले, म्हणून वाचले.

पायवाट:
सहमत नाही. सानेताकाच्या घराला रामी या वनस्पतीच्या धाग्याच्या व्यापारी संघाकडूनही रक्कम येत असे, तेव्हा तो अगदीच निष्कांचन नव्हता. शिवाय तो सारा भरत कोण होतं, हे तुमच्या लेखात कुठेच नाही.

कुजो मासामोतो घ्या. एके काळचा काम्पाकू, म्हणजे दरबारातल्या सर्वोच्च पदावर बसलेला माणूस. १४९६ मध्ये पैशांच्या वादातून याने आपल्याच कारभाऱ्याचा खून केला. १५०१ मध्ये इझुमी प्रांतातल्या हिने जमिनीची वसुली हातची जाऊ नये म्हणून तो स्वतः तिथे जाऊन राहिला, चारेक वर्षं. १५०४ च्या दुष्काळात तिथले लोक नेच्याच्या मुळांचं पीठ खाऊन दिवस काढत होते. ते पीठ चोरणाऱ्यांना गावकऱ्यांनी ठार मारलं, बायकापोरांसकट. अशा गावांच्या साऱ्यावर राजधानीतल्या कविता चालत. मला त्या कवितांचं कौतुक करवत नाही.

कट्यार:
दोघेही दरबाऱ्यांना फार असहाय समजताय. इचिजो नोरिफुसा हा दरबारी १४६८ मध्ये तोसा प्रांतातल्या आपल्या जमिनीवर गेला आणि त्याचे वंशज तिथले सरदारच झाले. कोनोए साकिहिसा तर काम्पाकूच्या पदावर असताना १५६० मध्ये उएसुगी केन्शिन या सरदाराकडे एचिगो प्रांतात गेला.

आणि सरदारांना नुसत्या पोथ्या नको होत्या, हुद्दे हवे होते. सम्राट गो-नाराचा राज्याभिषेक दहा वर्षांनी, १५३६ मध्ये झाला, तोही ओउची योशिताकासारख्या सरदारांच्या पैशावर. त्याच वर्षी योशिताकाला दरबारी पद मिळालं. दरबाराकडे विकण्यासारखी खरी चीज हीच होती. गेंजी तिच्यामागून गेली.

शाईदौत:
कट्यार, हुद्द्यांचा मुद्दा मान्य. पण हुद्दा नुसत्या कागदावर मिळायचा. यामाशिना तोकित्सुगु हा दरबारी १५३३ मध्ये ओवारी प्रांतात ओदा नोबुहिदे या सरदाराकडे गेला, तेव्हा सोबत आसुकाइ मासात्सुना हा दुसरा दरबारी होता आणि तिथे केमारीचे, म्हणजे दरबारी चेंडूच्या खेळाचे, धडे दिले गेले. हे माणूस समोर बसून शिकवतो तेव्हाच येतं. हाच तोकित्सुगु क्योतोत शेजारपाजारच्या लोकांना औषधंही द्यायचा. त्याला बांडगूळ म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पायवाट, हिनेचं वाचून मीही हादरले होते. पण ते आपल्याला कळलं कशावरून? मासामोतोच्याच रोजनिशीतून. चोरी केली म्हणून मरण ओढवलं असं लिहितानाही त्याचं मन द्रवलेलं दिसतं, त्याने जिझो बोधिसत्त्वाचं, म्हणजे मृतांना तारणाऱ्या करुणामय बौद्ध दैवताचं, नाव घेतलंय.

पायवाट:
हो, त्याच रोजनिशीतून. मी तिचं मोल नाकारत नाही, शाईदौत. फक्त जिझोचं नाव घेणारा हा माणूस त्या गावात कशासाठी गेला होता, ते विसरायला मी तयार नाही. सारा वसूल करायला गेला होता. जमीन राखणं अशक्य झालं तेव्हा १५०४ च्या अखेरीस तो क्योतोला परतला. नेच्याची मुळं खणणारे तिथेच राहिले.