ऑर्लँडो पेस: चेंडूला हात न लावणारा गडी थोर कसा ठरतो?

परभणीकर:
अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या जुन्या क्लिपा बघायलोय. ओहायो स्टेटच्या ऑर्लँडो पेसचं नाव सगळेच घेतात, पण गडी ना चेंडू फेकतो, ना झेलतो. कबड्डीत पकडीचा गुण तरी मिळतो. ह्याचं बघायचं काय?

काळी_माती (लातूर):
चेंडू सोडा, पाय बघा. पेस डावा टॅकल, म्हणजे पुढच्या अडवणाऱ्या रांगेतला डाव्या टोकाचा गडी. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा गडी, उजव्या हाताचा असला की फेकताना त्याची पाठ डावीकडं होते, तिकडून येणारा त्याला दिसत नाही. ती बाजू टॅकलची. पासच्या (चेंडू फेकायच्या) वेळी स्नॅप होताच, म्हणजे चेंडू मागं क्वार्टरबॅककडं जाताच, टॅकलचा डावा पाय मागं-बाहेर, उजवा जमिनीलगत सरकत त्याच्या मागोमाग. पाय जुळले की तोल गेला. वाकायचं गुडघ्यात, कंबरेत नाही. कंबरेत वाकला की डोकं पुढं येतं, समोरचा मान खाली ओढून निसटतो. बाहेरच्या धास्तीनं जास्त सरकला, तर आतून घुसतो. पेस ६ फूट ७ इंच, ३०० पौंडांच्या वर, तरी बसका राहायचा. उंच माणसाला हेच लई अवघड.

तालीम_नांदेड:
हातांचं राहिलं. दोन्ही तळवे समोरच्याच्या छातीवर, खांद्यांच्या आत. बाहेरून जर्सी आवळली की होल्डिंगचा फाउल, संघ १० यार्ड मागं. कबड्डीच्या नेमकं उलटं, इथं पकडणं हाच गुन्हा. ढकलत नेऊन पाठीवर पाडलं तर ‘पॅनकेक’; आपलं चीतपट म्हणा, नाहीतर धिरडं. पेसची धिरडी ओहायो स्टेटवाले मोजायचे. पण नुसतं तेच बघू नका. पासच्या वेळी पाडायची गरज नसते, दोन-तीन सेकंद अडवलं तरी काम झालं.

काळी_माती (लातूर):
पेसला कॉलेज फुटबॉलचा लोंबार्डी पुरस्कार १९९५ आणि १९९६ ला, दोनदा मिळवणारा पहिलाच. १९९६ ला रेषेतल्या गड्यांसाठीची आउटलँड ट्रॉफीही. त्याच वर्षी हाइजमनच्या, म्हणजे कॉलेजातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्काराच्या, मतदानात चौथा, आणि तो मान तर बहुतेक चेंडूवाल्यांनाच जातो! १९९७ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ नवे गडी निवडतात तिथं, सेंट लुईस रॅम्स संघानं अगदी पहिला उचलला. आक्रमणाच्या रेषेतला गडी पहिला जाणं १९६८ च्या रॉन येरीनंतर तेव्हाच घडलं. पुढं रॅम्सचा क्वार्टरबॅक कर्ट वॉर्नरची पाठ राखत १९९९ च्या हंगामाचा सुपर बोल (व्यावसायिक फुटबॉलची अंतिम लढत) जिंकला, २०१६ ला प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेम.

परभणीकर:
आणि क्वार्टरबॅक डावखुरा असला तर?

तालीम_नांदेड:
मग पाठ उजवीकडं होते, उजव्या टॅकलवर नजर ठेवा.