हायस्कूलचा क्विझ बोल संघ: तयारी कशी होते आणि गुण कशाचे मिळतात?

एडिसनकर

नमस्कार मंडळी. माझी मुलगी यंदा नववीत गेली असून तिच्या शाळेच्या क्विझ बोलच्या (बझर दाबून उत्तरे द्यायच्या सांघिक प्रश्नमंजूषेच्या) दुसऱ्या, म्हणजे जेव्ही संघात तिची निवड झाली आहे. शाळा सुटल्यावर आठवड्यातून दोनदा सराव असतो आणि अधूनमधून एखाद्या शनिवारी दुसऱ्या शाळेत दिवसभराची स्पर्धा असते. मी पुण्यात शिकत असताना बोट क्लब क्विझ क्लबच्या प्रश्नमंजूषांना आवडीने जात असे. तिथे प्रश्न संपूर्ण ऐकून, संघात कुजबुजून, धाग्यादोऱ्यांवरून उत्तरापर्यंत पोहोचायचे असे. इथे अमेरिकेत मात्र प्रश्न अर्धाही वाचून होत नाही तोच कुणीतरी बझर दाबते आणि सोबत्यांना विचारण्याची मुभाही नसते.

जाणकारांकडून मला काही गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. सरावात जुने प्रश्न वाचण्यापलीकडे काय होते? घरी अभ्यास कसा करावा? राजधान्या, नोबेल विजेते, अमेरिकेचे अध्यक्ष अशा याद्या पाठ करण्याचा तिचा बेत आहे, त्याचा कितपत उपयोग होतो? शिवाय मध्येच दिलेले उत्तर चुकले की पाच गुण वजा होतात आणि तसे दोन-तीनदा घडल्यापासून ती बझरला हात लावायलाच कचरते. त्यावर काय करावे?

जुना_बझर

मी व्हर्जिनियातील हायस्कूलमध्ये आणि नंतर विद्यापीठात हा खेळ खेळलो असून सध्या एका शाळेच्या संघाला मदत करतो. प्रथम खेळाची रचना सांगतो, कारण तयारीचे सगळे डावपेच त्या रचनेतूनच निघतात.

एका वेळी प्रत्येक संघाचे चार खेळाडू बसतात. टॉसअप हा प्रश्न आठही जणांसाठी खुला असतो आणि त्याचे उत्तर ज्याने बझर दाबला त्याने एकट्याने द्यायचे असते. बरोबर उत्तराला १० गुण मिळतात. एनएक्यूटी या संस्थेच्या प्रश्नसंचात ठरावीक खुणेच्या आधी उत्तर दिल्यास १५ मिळतात आणि त्याला पॉवर म्हणतात. टॉसअप जिंकणाऱ्या संघाला तीन भागांचा बोनस मिळतो, प्रत्येक भाग १० गुणांचा, आणि तिथे मात्र चौघांनी आपसांत चर्चा करून कर्णधाराने उत्तर द्यायचे असते. म्हणजे आपल्याला पुण्यात जी कुजबुज आवडत होती ती इथेही आहे, फक्त ती आधी कमवावी लागते.

प्रश्न अर्ध्यावर तुटतो, कारण टॉसअपची रचना पिरॅमिडसारखी असते: सर्वांत अवघड, फार थोड्यांना ठाऊक असलेली खूण आरंभी आणि सर्वांना ठाऊक असलेली शेवटी. गेल्या वर्षी आमच्या महाराष्ट्र मंडळातील मुलांना हे समजावण्यासाठी मी पुढील प्रश्न रचला होता.

«या राज्यकर्त्याच्या प्रेरणेने कारभारातील फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा कोश रघुनाथपंत हणमंते यांनी सिद्ध केला. १६७७ मध्ये गोवळकोंड्याला कुतुबशहाची भेट घेतल्यावर या राज्यकर्त्याने तंजावरच्या सावत्र भावाकडे वडिलांच्या जहागिरीतील वाटा मागितला. मिर्झाराजे जयसिंगांशी झालेल्या तहात या राज्यकर्त्याला २३ किल्ले द्यावे लागले. लाल महालावरील छाप्यात शायिस्तेखानाची बोटे छाटणारा, दहा गुणांसाठी, रायगडावर १६७४ मध्ये राज्याभिषेक झालेला हा मराठा राजा कोण?»

अखेरच्या ओळीवर मंडळातील प्रत्येक मूल बझर दाबेल. तहाच्या ओळीवर इतिहास वाचलेली मुले दाबतील, आणि पहिल्याच वाक्यावर दाबणाऱ्याने राज्यव्यवहारकोशाविषयी कुठेतरी वाचलेले असणार. दोन्ही संघांना उत्तर ठाऊक असेल, तर ज्याला त्याविषयी अधिक खोल माहिती आहे त्याला ते आधी सुचावे, हा या रचनेचा हेतू आहे. बोटाच्या चपळाईला त्यात फारसे महत्त्व उरत नाही. त्यामुळे केवळ याद्या पाठ करून भागत नाही. नोबेल विजेत्याचे नाव आणि वर्ष माहीत असले तरी ते वर्ष सहसा प्रश्नाच्या शेपटाशीच येते. आरंभी येतात त्याच्या कामातील प्रयोग, कमी गाजलेल्या कथांतील पात्रे, एखाद्या चित्राच्या कोपऱ्यातील तपशील.

वजा गुणांविषयी वरचाच प्रश्न पाहा. "तंजावरच्या सावत्र भावाकडे" हे शब्द कानावर पडताच एका हुशार मुलाने बझर दाबून "व्यंकोजी" असे उत्तर दिले होते. त्याला माहिती होती, पण प्रश्न कोणाविषयी आहे याकडे त्याचे लक्ष नव्हते. माझ्या पाहण्यात नवोदितांचे निम्मे तरी नेग (मध्येच चुकीचे उत्तर देऊन गमावलेले पाच गुण) असेच होतात, अज्ञानापोटी होत नाहीत. त्यासाठी सरावाच्या वेळी प्रत्येक प्रश्नाच्या पहिल्या वाक्यात काय विचारले आहे (देश, ग्रंथ, मूलद्रव्य की व्यक्ती) ते वहीच्या कोपऱ्यात एका शब्दात टिपण्याची सवय लावावी. स्पर्धेत कोरा कागद वापरण्याची परवानगी असतेच.

आता नेगचे गणित. वजा होतात ते पाचच गुण, परंतु उरलेला प्रश्न प्रतिस्पर्ध्यांना निवांतपणे पूर्ण ऐकायला मिळतो आणि तेव्हा त्यांचे उत्तर चुकले तरी त्यांचे काही जात नाही. ते बरोबर आले, तर त्यांना टॉसअपचे १० आणि समजा बोनसचे सरासरी १५ मिळतात. म्हणजे एका नेगने सुमारे ३० गुणांचा फरक पडू शकतो. मात्र दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. शंभर टक्के खात्री होईपर्यंत थांबणाऱ्याच्या आधी समोरचा दाबतो, आणि मग तेच २५ गुण फुकट गेलेले असतात. बलाढ्य संघासमोर धोका पत्करावाच लागतो, दुबळ्या संघासमोर दोन शब्द अधिक ऐकावेत. एकही नेग न करणाऱ्या खेळाडूला मी उशिरा दाबणारा खेळाडू समजतो, हे आपल्या कन्येला अवश्य सांगा.

शनिवारची_आई

माझा मुलगा ओहायोत चार वर्षे खेळला आणि त्या निमित्ताने मी प्रश्न वाचणारी मॉडरेटर झाले. बहुतेक स्पर्धांत जे संघ बझरचा संच किंवा वाचक सोबत आणतात त्यांना प्रवेश शुल्कात सवलत मिळते, त्यामुळे संघाला पालकांचा प्रत्यक्ष उपयोग होतो. प्रशिक्षक बहुधा शाळेतीलच एखादे शिक्षक असतात आणि त्यांना शनिवारी माणसे मिळवणे हीच मोठी विवंचना असते.

स्पर्धेचा दिवस साधारण असा असतो. सकाळी संघांचे गट पाडले जातात आणि प्रत्येक गटात सर्वांचे सर्वांशी सामने होतात. जेवणानंतर सकाळच्या निकालावरून नवे गट होतात, तुल्यबळ संघ एकमेकांसमोर येतात आणि संध्याकाळपर्यंत दहाच्या आसपास सामने खेळून होतात. प्रत्येक सामन्यासाठी प्रश्नांचे वेगळे पॅकेट असते. एनएक्यूटीच्या नियमांनी घड्याळ लावून खेळल्यास नऊ-नऊ मिनिटांचे दोन भाग आणि जास्तीत जास्त २४ टॉसअप असतात. अनेक स्पर्धांत मात्र घड्याळाविना २० टॉसअपचे सामने खेळतात. दुपारच्या सत्रात मुले थकतात आणि नेग तेव्हाच वाढतात, म्हणून डबा भरपूर द्यावा. आमच्या संघात थालीपीठ इतके लोकप्रिय झाले होते की कर्णधार आदल्या दिवशी आठवण करून देत असे.

एक सावधगिरीची सूचना. तोच प्रश्नसंच पुढील आठवड्यांत इतर राज्यांतही वापरला जातो. म्हणून तो सर्वत्र खेळून होईपर्यंत त्यातील प्रश्नांची चर्चा जाहीरपणे करायची नसते. इथे विचारताना स्पर्धेतील प्रश्न उतरवू नयेत, ही विनंती.

संध्याकाळी आकडेवारीचे पान येते तेव्हा पालक वैयक्तिक गुणांची सरासरी आधी पाहतात, हे स्वाभाविक असले तरी त्यातून फारसे कळत नाही. ज्याच्या शेजारी बलवान खेळाडू बसतो त्याचे गुण आपोआप कमी होतात, कारण टॉसअप एकच असतो. मी पाहते तो आकडा प्रत्येक बोनसमागे मिळालेल्या सरासरी गुणांचा, ज्याला सगळे पीपीबी म्हणतात. बोनस ऐकताना समोरचा संघ आडवा येत नाही, म्हणून संघाला एकूण किती येते ते या आकड्यात स्वच्छ दिसते. तीन भागांपैकी बहुधा एक सोपा, एक मध्यम आणि एक अवघड असतो. तेव्हा दहाच्या आसपासचा संघ सोपे भाग सोडवतो असे समजावे, पंधराचा संघ चांगला, आणि हायस्कूलच्या नेहमीच्या संचांवर वीसच्या वर टिकणारे संघ राष्ट्रीय स्पर्धेत दबदबा असलेले असतात.

या आकड्यावरून आणखी एक गोष्ट उघड होते. ज्या संघातील चौघेही इतिहासात तरबेज आहेत तो बोनसमध्ये मार खातो. साहित्य, इतिहास आणि विज्ञान हे तीन मोठे विभाग मिळून प्रश्नांचा अर्ध्याहून अधिक भाग व्यापतात. उरलेल्यात चित्रकला व संगीत, धर्म व पुराणकथा, तत्त्वज्ञान, समाजशास्त्रे, भूगोल इत्यादी येतात, आणि एनएक्यूटीच्या संचांत चालू घडामोडी, क्रीडा व मनोरंजनही थोडे असते. म्हणून चांगले संघ वर्षारंभी विषय वाटून घेतात. पाश्चात्त्य अभिजात संगीत सहसा कुणालाच नको असते, आणि जो ते घेतो त्याची जागा वर्षभर पक्की राहते!

चौथी_खुर्ची

मी सध्या कॉलेजात असून दोन वर्षांपूर्वीपर्यंत शाळेच्या संघात होतो. जुना_बझर यांच्या बहुतेक मुद्द्यांशी मी सहमत आहे, परंतु याद्यांविषयीचे त्यांचे मत नवोदितांसाठी थोडे कठोर वाटते. जेव्ही पातळीवरचे अनेक टॉसअप शेवटच्या ओळीपर्यंत कुणीच दाबत नाही. तिथे लेखक आणि त्याची कृती, चित्रकार आणि चित्र, मूलद्रव्य आणि त्याचे चिन्ह एवढे चोख माहीत असलेला खेळाडू सहज सामने जिंकून देतो. पहिल्या वर्षी हा पाया घालावा आणि दुसऱ्या वर्षी खोलीकडे वळावे, असे मला वाटते. एनएक्यूटीच्या संकेतस्थळावर एकेका विषयातील वारंवार विचारल्या जाणाऱ्या गोष्टींवर छोटे लेख विनामूल्य उपलब्ध आहेत. आरंभासाठी ते पुरेसे आहेत.

पुढच्या टप्प्यासाठी क्यूबी रीडर हे संकेतस्थळ वापरावे. तिथे जुन्या स्पर्धांचे प्रश्न शब्दाशब्दाने उलगडत जातात आणि कळ दाबून उत्तर टंकता येते. विषय आणि काठिण्यपातळीही निवडता येते. पण नुसते खेळत राहिल्यास फायदा थोडा होतो. प्रश्न संपल्यावर जी खूण आपल्याला ठाऊक नव्हती ती उचलून अँकीसारख्या, उजळणीची कार्डे ठेवणाऱ्या प्रणालीत स्वतःच्या शब्दांत कार्ड करावे आणि रोज थोडी कार्डे उजळावीत. दुसऱ्याने केलेली हजारो आयती कार्डे उतरवून घेणारे मित्र मी पाहिले, त्यांपैकी बहुतेकांनी ती काही आठवड्यांत सोडून दिली. आणि त्या कार्डावरील कथा, कविता किंवा चित्र शक्य असेल तेव्हा प्रत्यक्ष वाचावे, पाहावे. लेखक प्रश्नासाठी कोणता प्रसंग निवडेल याचा अंदाज त्यानेच येतो.

आपल्या मुलांसाठी एक जमेची बाजूही आहे. महाभारत, रामायण, मुघल, अशोक, टागोर हे सगळे या प्रश्नांत नेहमी येते. आजीकडून ऐकलेल्या कर्णाच्या आणि अभिमन्यूच्या गोष्टींवर मी अनेक पॉवर मिळवल्या आहेत. फक्त वाचकाच्या तोंडून ती नावे ओळखायची सवय करावी लागते, कारण उच्चाराची खूण छापलेली असूनही काही वाचक धृतराष्ट्राची दैना करतात.

एडिसनकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तिने संघासाठी पुराणकथा आणि रसायनशास्त्र असे दोन विषय मागितले आहेत. तिच्या शाळेचा पहिला संघ राष्ट्रीय स्पर्धेला पात्र ठरला असे ती सांगते. ते कसे ठरते, आणि तिथेही नेग असतातच का?

जुना_बझर

जोडी चांगली आहे. रसायनशास्त्रात मात्र व्याख्या पाठ न करता अभिक्रिया आणि त्यांच्या नावांमागची यंत्रणा समजून घ्यावी, कारण तिथले आरंभीचे संकेत तिथूनच येतात.

राष्ट्रीय म्हणवल्या जाणाऱ्या स्पर्धा एकाहून अधिक आहेत. एनएक्यूटीची स्पर्धा मे महिन्याच्या अखेरीस, मेमोरियल डेच्या सुट्टीला जोडून होते आणि तिची पात्रता वर्षभरातील स्थानिक स्पर्धांमधील क्रमांकावरून मिळते. तिथे प्रत्येक संघ प्राथमिक फेरीत दहा सामने खेळतो. सामन्यागणिक जवळपास सारखाच जयपराजय असलेल्या संघाशी गाठ पडते आणि सहा किंवा अधिक सामने जिंकणारे संघ बाद फेरीत जातात, जिथे दुसऱ्या पराभवानंतर संघ बाहेर पडतो. नेग तिथे असतातच.

पेस या संस्थेची स्पर्धा जूनमध्ये होते. तिथे लवकर दिलेल्या बरोबर उत्तराला २० गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला वजा काहीच नाही, त्यामुळे धाडसी खेळाडूंना ती मानवते. मात्र उत्तर चुकले की उरलेला प्रश्न समोरच्या संघाचाच होतो, तेव्हा तिथेही मुलांनी बझर डोळे मिटून दाबावा असे मी सुचवणार नाही. जेव्हीच्या मुलांना पहिल्या संघाचा सराव बसून ऐकण्याची परवानगी मिळते का, ते प्रशिक्षकांना विचारून पाहा. एप्रिल-मेमधला तो सराव वर्षातला सर्वांत उपयुक्त असतो.